बिल्टी, बॅच आणि बफर स्टॉक

मैत्रिणींनो, ‘लॉजिस्टिक्स’ हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कुठे वाचलात? मी तरी तो ट्रकच्या पाठीवर वाचला. जिथे पूर्वी ‘अमुक ट्रान्सपोर्ट’ किंवा ‘तमुक रोडवेज’ असं रंगवलेलं असायचं, तिथे हळूहळू ‘लॉजिस्टिक्स’ येऊन बसलं. मग वधू-वर मेळाव्यातल्या माहितीपत्रकांत ‘मुलगा सप्लाय चेनमध्ये आहे’ असं दिसायला लागलं. नेमकं काय करतो म्हणून मुलाच्या आईला विचारलं, तर ती माउलीही गोंधळून म्हणते, ‘‘अहो, गोदामाचं काहीतरी असतं त्याचं. रात्री-अपरात्री फोन येतात, गाडी कुठे पोचली म्हणून.’’

आपल्याला वाटतं, हे शब्द मोठ्या कंपन्यांचे. आपला काय संबंध? पण आता लहान गावातली बाई चटण्या, पापड, भजणी करून बाहेरगावी पाठवायला लागली आहे. साड्यांचा व्यवसाय व्हॉट्सॲपवर चालतो. शिवलेले ब्लाऊज कुरिअरने जातात. आणि माल बाहेर पडला की हे शब्द कागदावर छापून आपल्या हातात येतात. खाली सही करायची जागा असते. आपण ती करतो.

त्या सहीची किंमत किती असते, हे आमच्या तालुक्यातल्या एका बचत गटाच्या हिशेबावरून सांगते. मी त्या गटाची सभासद नाही. पण गटांच्या कामात असल्यामुळे त्यांचे कागद माझ्याकडे आले, आणि त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे.

दहा जणींचा गट. शेंगदाण्याची चटणी त्यांची प्रसिद्ध. २०२३च्या दिवाळीआधी शहरातल्या एका मोठ्या दुकानाची ऑर्डर आली, ४०० पाकिटांची, दर ७० रुपये. म्हणजे २८ हजारांची! कच्चा माल, पाऊच, लेबल, गॅस सगळं धरून एका पाकिटाला ५५ रुपये खर्च. चारशे पाकिटांवर सहा हजार सुटणार, म्हणजे प्रत्येकीला सहाशे. मेहनताना वेगळा धरलाच नव्हता (तो आपण बायका कधीच धरत नाही, पण तो विषय परत कधीतरी). गटाच्या बचतीतून दाणे-मिरची-लसूण आणलं, रात्री जागून माल केला आणि ट्रान्सपोर्टने पाठवला. पैसे आले ते संक्रांतीनंतर. २२ हजार ३७० रुपये. शिवाय परत आलेला माल सोडवायला ट्रान्सपोर्टच्या गोदामात ३२० रुपये भरावे लागले. खर्च वजा जाता उरले किती? पन्नास रुपये. दहा जणींत पाच-पाच. आणि मधल्या तीन महिन्यांत गटाची पेटी रिकामी असल्यामुळे एकीला मुलीच्या परीक्षेच्या फीसाठी सावकाराकडे जावं लागलं, ते निराळंच.

दुकानाने फसवलं, असंच सगळ्या म्हणत होत्या. मी कागद वाचले. फसवणूक म्हणावी असं त्यात काही नव्हतं. सगळं आधीच छापलेलं होतं, फक्त आपल्या भाषेत नव्हतं.

सुरुवातीलाच ‘पी.ओ.’, म्हणजे परचेस ऑर्डर. तोंडी ऑर्डर वेगळी आणि हा कागद वेगळा. यात काय हवं, किती, कोणत्या दराने, कधीपर्यंत आणि कोणत्या अटींवर हे सगळं असतं. आपण आकडा आणि दर बघून खूश होतो. खरी गंमत खालच्या बारीक अक्षरांत असते.

त्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं ‘एफ.ओ.आर. आमचे गोदाम’. या तीन अक्षरांचा व्यवहारातला अर्थ असा, की आमच्या दारापर्यंत माल आणून देण्याचं भाडं तुमचं. दरात ते धरलेलं आहे. याच्या उलट असतं ते ‘एक्स-गोदाम’ किंवा ‘एक्स-फॅक्टरी’. म्हणजे माल आमच्या दारात तयार आहे, पुढचं भाडं-हमाली घेणाऱ्याने बघायची. लग्नात नाही का आपण आधीच बोलून घेत, वऱ्हाडाची गाडी कुणाकडे? तसंच हे. गटाने बिल्टी केली ‘टू-पे’, म्हणजे भाडं घेणाऱ्याने द्यायचं. दुकानाने गोदामात ११५० रुपये भरले, माल उतरवून घेतला आणि ‘एफ.ओ.आर.’वर बोट ठेवून तेवढे बिलातून कापले. कापल्याचा जो कागद आला तो ‘डेबिट नोट’. भाड्याच्या या दोन तऱ्हा लक्षात ठेवा. ‘पेड’ म्हणजे पाठवणाऱ्याने आधीच भरलं, ‘टू-पे’ म्हणजे घेणारा भरेल. पण बिल्टीवर काहीही लिहिलं तरी शेवटी भाडं कुणाच्या खिशातून जाणार, हे पी.ओ. ठरवते.

यापेक्षा मोठा घाव होता तो दुसऱ्या ओळीचा. ‘माल पोचतेवेळी किमान ७५ टक्के शेल्फ लाइफ शिल्लक असावी.’ शेल्फ लाइफ म्हणजे माल फळीवर चांगला राहण्याची मुदत. चटणीवर गटाने चार महिन्यांची मुदत छापली होती. १२० दिवसांचे ७५ टक्के म्हणजे ९० दिवस. याचा अर्थ, केल्यापासून तीस दिवसांच्या आत माल दुकानात पोचायला हवा होता. आता या बायका काय करतात? ऑर्डर मोठी आहे, हाताशी वेळ असावा म्हणून महिनाभर आधीच कामाला लागतात. पहिल्या घाण्याची ६४ पाकिटं दुकानात पोचली तेव्हा ४३ दिवसांची झाली होती. चटणी उत्तम होती, मी स्वतः खाल्ली आहे. पण दुकानदाराला ती आणखी दोन-अडीच महिने फळीवर ठेवायची असते, त्यामुळे तो तारीख बघतो, चव नाही. माल उतरवून घेताना तो ‘जी.आर.एन.’ करतो, म्हणजे गुड्स रिसीव्हड नोट. किती आला, किती स्वीकारला, किती नाकारला. त्यात ६४ नाकारली. ४४८० रुपये गेले.

लवकर कामाला लागणं हा आपल्याकडे गुण समजतात. इथे तो अंगाशी आला!

यासाठीच ‘बॅच नंबर’ लागतो. एका दिवशी, एका घाण्यात केलेला माल म्हणजे एक बॅच. पाकिटावर तो नंबर असेल तर कुठला घाणा आधी पाठवायचा, कुठला गावातच विकायचा हे ठरवता येतं. उद्या कुणाची तक्रार आली, तर चारशे पाकिटं परत बोलावण्याऐवजी तेवढीच बॅच परत घेता येते. अन्नपदार्थांच्या वेष्टनावर बॅच किंवा लॉट नंबर, तारखा आणि एफ.एस.एस.ए.आय.चा चौदा आकडी नंबर हे तसंही कायद्यानेच लागतं. आपण तो नंबर कसातरी टाकायचा म्हणून टाकतो आणि वहीत मात्र लिहून ठेवत नाही.

आता ‘फिफो’ आणि ‘फेफो’. नावं ऐकून हसू येतं, मांजराची वाटतात. ‘फिफो’ म्हणजे जे आधी आलं ते आधी बाहेर काढा. हे आपल्याला आजीने शिकवलंय. नवे गहू आले की ते जुन्याच्या वर ओतायचे नाहीत, आधी कोठी रिकामी करायची, पुसायची, कडुनिंबाचा पाला घालायचा आणि मग नवे भरायचे. ‘फेफो’ त्याच्या एक पाऊल पुढे. जे आधी खराब होणार ते आधी बाहेर. काल आणलेली कोथिंबीर आणि आठवड्यापूर्वी आणलेला भोपळा यात आज भाजी कशाची करायची, हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? आधी आलाय भोपळा, पण आधी सुकणार कोथिंबीर. औषधांच्या दुकानात, अन्नाच्या गोदामात हाच नियम चालतो. मोठ्या शिक्षणसंस्थांत यावर तास घेतात म्हणे!

गॅसची टाकी हे तर या सगळ्या विषयाचं पाठ्यपुस्तक आहे. दोन टाक्यांचं कनेक्शन ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या घरातली दुसरी भरलेली टाकी म्हणजे ‘बफर स्टॉक’ किंवा ‘सेफ्टी स्टॉक’. नंबर लावल्यापासून टाकी दारात येईपर्यंत जे दिवस जातात तो ‘लीड टाइम’. पहिली संपली, दुसरी लावली, की लगेच नंबर लावायचा, हा झाला ‘री-ऑर्डर पॉइंट’. डिलिव्हरीला येणारा मुलगा मोबाईलवर आलेला कोड विचारतो, त्याला ‘प्रूफ ऑफ डिलिव्हरी’ म्हणतात, म्हणजेच आपली पोच. तो कोड माल हातात पडल्याशिवाय द्यायचा नाही, हे मात्र पुन्हा सांगते. आणि लीड टाइम कुठल्या दिवशी किती लागेल हे जेव्हा सांगता येत नाही, तेव्हा बफर वाढवावा लागतो. पावसाळ्यात घाट बंद पडतो अशा गावातली बाई जूनमध्येच तांदूळ, मीठ, काडेपेटी भरून ठेवते, ती याच हिशेबाने.

गटाच्या बाबतीत लीड टाइम कुठे अडतो, ठाऊक आहे? चटणीत नाही, पाऊचमध्ये! छापील पाऊच करून देणारा म्हणतो, किमान इतके हजार घ्या, त्याखाली मशीन लावणं परवडत नाही. हा त्याचा ‘एम.ओ.क्यू.’, मिनिमम ऑर्डर क्वांटिटी. स्वस्त पडतं म्हणून एकदम दहा हजार पाऊच घेतले, आणि पुढच्या वर्षी वजन बदललं किंवा छापलेला पत्ता बदलला, की उरलेले पाऊच ‘डेड स्टॉक’. आपल्या माळ्यावर आहेरातली स्टीलची भांडी असतात ना, वापरताही येत नाहीत आणि टाकवतही नाहीत, तो जातिवंत डेड स्टॉक. माझं मत विचाराल तर नव्या गटाने साधे पाऊच घ्यावेत आणि वरून लेबल चिकटवावं. दिसायला थोडं कमी, पण पैसा अडकत नाही.

आणखी एक शब्द, ‘एस.के.यू.’. शेंगदाणा चटणी हा आपल्या दृष्टीने एक पदार्थ. दुकानाच्या दृष्टीने शंभर ग्रॅमचं पाकीट एक एस.के.यू., दोनशे ग्रॅमचं दुसरा, आणि लसणाशिवायचं शंभर ग्रॅम तिसरा. प्रत्येकाला वेगळा नंबर, वेगळी जागा, वेगळा हिशेब. आमच्या या गटाच्या यादीत २७ प्रकार निघाले. त्यातले पाच-सहाच खपतात. बाकीचे का करता, तर ‘‘तिच्या हातची कारळ्याची चटणी छान होते हो, तिला कसं नाही म्हणायचं?’’ यावर व्यवस्थापनशास्त्राकडेही उत्तर नसावं.

ट्रान्सपोर्टचा जो कागद आपण बिल्टी म्हणतो, त्याचं कागदोपत्री नाव एल.आर., लॉरी रिसीट. माल गाडीवाल्याच्या ताब्यात दिल्याचा तोच पुरावा आणि पलीकडे माल सोडवण्याचा आधारही तोच. त्यावर किती नग, वजन, मालाची किंमत, भाडं पेड की टू-पे, आणि पाठवणाऱ्याचं-घेणाऱ्याचं नाव हे नीट लिहून घ्यायला हवं. बहुतेक वेळा किंमतीच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नसतं. का लिहायचं, ते ऐका. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७चा कायदा आहे, त्याचे नियम २०११ साली आले. त्याप्रमाणे माल हरवला किंवा खराब झाला, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच. ११५० रुपये भाडं, म्हणजे जास्तीत जास्त साडेअकरा हजार. मग पेटीत माल अठ्ठावीस हजारांचा का असेना! जास्त जोखीम त्याने घ्यावी असं वाटत असेल, तर मालाची किंमत जाहीर करून जास्तीचा दर लेखी ठरवावा लागतो, नाहीतर विमा उतरवावा लागतो. आणि दाव्याची वेळ आलीच, तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची असते. तोंडी भांडण कितीही जोरात केलं तरी ते नोटीस ठरत नाही.

बिल्टीच्या बरोबरीने हल्ली ‘ई-वे बिल’ कानावर येतं. हा जीएसटीचा ऑनलाइन परवाना म्हणा. एप्रिल २०१८ पासून तो आला. साधारणपणे ५० हजारांच्या वरच्या मालाला लागतो, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर ही मर्यादा एक लाखाची आहे. आमच्या चटणीला अर्थातच तो लागला नाही. पण दोन-तीन गट मिळून एकच गाडी करतात तेव्हा आधी चौकशी केलेली बरी.

कुरिअरचं गणित आणखी वेगळं. एका ताईंनी बंगळुरूला मुलीकडे कुरडया पाठवल्या. घरच्या काट्यावर पेटी तीन किलो. कुरिअरवाल्याने सव्वासात किलोचे पैसे लावले. काटा बिघडलाय म्हणून त्या भांडायला उठल्या. काटा बरोबर होता. त्याला ‘व्हॉल्युमेट्रिक वजन’ म्हणतात. गाडीत किंवा विमानात हलका पण मोठा माल जागा खातो, म्हणून जागेचंच वजन धरतात. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणाकार करायचा आणि बऱ्याच कंपन्या त्याला ५०००ने भागतात. ४० गुणिले ३० गुणिले ३० म्हणजे ३६ हजार. भागिले पाच हजार, आले ७.२ किलो. खरं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. तेव्हा कुरडया, पापड्या, लोकरीचे स्वेटर, कापडी बाहुल्या असं काही विकत असाल तर दर ठरवण्याआधी घरातली पट्टी काढा. योग्य मापाची पेटी निवडली, तर तेवढेच पैसे वाचतात. पापड एकावर एक बसतात, कुरडई बसत नाही. तिच्या भाड्याचा हिशेब वेगळाच करायला हवा.

पार्सल निघाल्यावर ते मोबाईलवर कुठे कुठे फिरतं ते बघितलंय कधी? शेजारच्या तालुक्याला जायचं पार्सल आधी पुण्याला जातं आणि तिथून परत आपल्याच वाटेने मागे येतं. वेडेपणा वाटतो. याला ‘हब अँड स्पोक’ म्हणतात, सायकलच्या चाकासारखं. सगळ्या गावांचा माल आधी मधल्या तुंब्यात गोळा करायचा आणि मग आऱ्यांवरून वाटायचा. प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला वेगळी गाडी सोडणं कुणालाच परवडणार नाही. आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांनी हेच १८९० पासून केलं. महादू हावजी बच्चे यांनी सुरुवात केली असं सांगतात. घरोघरचे डबे स्टेशनावर आणायचे, झाकणावरच्या खुणांवरून वेगळे करायचे, लोकलने न्यायचे, उतरल्यावर पुन्हा वेगळे करून ज्याच्या त्याच्या टेबलावर. आणि दुपारी रिकामा डबा त्याच वाटेने घरी. हा परतीचा प्रवास म्हणजे ‘रिव्हर्स लॉजिस्टिक्स’. ऑनलाइन घेतलेली साडी पसंत नाही म्हणून आपण परत करतो, तेव्हाही तेच.

पत्त्यातला पिनकोडही या साखळीचाच भाग, आणि त्यामागे एक मराठी माणूस आहे. कोकणात जन्मलेले श्रीराम भिकाजी वेलणकर. दळणवळण खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही! १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची कितीतरी गावं, त्यात पत्ते निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले, मग टपाल वेगळं कसं करायचं? म्हणून सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा. आपला महाराष्ट्र आणि गोवा चारमध्ये, मध्य प्रदेश-छत्तीसगडही त्यातच. पहिले तीन आकडे मिळून छाननीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. ४११ म्हटलं की पुणे, ४०३ म्हटलं की गोवा. एक आकडा चुकला तर पार्सल भलतीकडेच फिरून येतं, ते यामुळे. टपाल खात्याने २०२५ साली ‘डिजिपिन’ म्हणून दहा अक्षर-अंकांचा नवा पत्ताही आणला आहे, तो तर घराच्या जागेपर्यंत नेतो. आपल्याकडे अजून ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीजवळ’ हेच चालतं.

हा शेवटचा टप्पा, ‘लास्ट माइल’, सगळ्यात महाग आणि सगळ्यात कटकटीचा. लहान गावात कुरिअरवाला फोन करून म्हणतो, स्टँडवर या. फोन कुणाला जातो? पार्सल बाईचं, पण नंबर दिलेला असतो घरच्या पुरुषाचा. तो शेतात नाहीतर कामावर. ‘‘कसलं पार्सल? आम्ही काही मागवलं नाही,’’ म्हणून मोकळा! पार्सल परत. याला ‘आर.टी.ओ.’ म्हणतात. गाड्यांचं पासिंग करणारं ऑफिस नव्हे, ‘रिटर्न टू ओरिजिन’. माल पोचल्यावर पैसे द्यायचे, म्हणजे ‘सी.ओ.डी.’ असेल, तर हे फार होतं आणि जाण्या-येण्याचा भुर्दंड बहुधा विकणारीला पडतो. विकणारीही आपल्यासारखीच एखादी असते. म्हणून मागवताना आणि पाठवताना नंबर स्वतःचा द्या. स्वतःचा नंबर देणं हे काही घरांत अजूनही सोपं नाही, हे मला माहीत आहे.

‘कोल्ड चेन’ आमच्या अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना वेगळी सांगायला नको. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची, बर्फाच्या पेटीतून न्यायची. बाटलीवरच्या खुणेतला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवर लस चालते, तेवढाच गडद झाला की बाद. साखळीत मध्ये कुठे उष्णता लागली, ते ती खूणच सांगते. दूध, आइस्क्रीम, द्राक्षं यांचंही असंच. फक्त त्यांच्यावर अशी खूण नसते.

‘सप्लाय चेन’ला साखळी म्हणतात ती उगाच नाही. एका टोकाला धक्का लागला की दुसऱ्या टोकाला त्याचा हिसका बसतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये उत्तर भारतात मीठ संपणार अशी अफवा उठली होती, आठवतं? मिठाची टंचाई नव्हतीच. पण जी बाई महिन्याला एक पुडा घेते तिने पाच घेतले. दुकानातलं मीठ तासाभरात संपलं, भाव भलतेच चढले, आणि ‘बघा, संपलंच की’ म्हणून बाकीचेही धावले. दुकानदाराला वाटतं, मागणी पाचपट झाली. तो घाऊकवाल्याकडे दहापट मागतो, घाऊकवाला आणखी वर. नंतर पाच पुडेवाली बाई पाच महिने दुकानात फिरकत नाही आणि गोदामं मिठाने भरलेली. याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात. चाबकाचा दांडा जरासा हलवला तरी टोक किती लांब फटकारतं, तसं. एका मोठ्या अमेरिकन कंपनीला हे लहान मुलांच्या डायपरच्या विक्रीत दिसलं होतं. मुलं रोज तेवढेच डायपर वापरत होती, तरी कारखान्याकडे येणारी मागणी मात्र वर-खाली उड्या मारत होती.

गटाच्या पैशांचं राहिलंच. पी.ओ.वर ‘क्रेडिट ६० दिवस’ लिहिलं होतं आणि पैसे आले त्याहून उशिरा. इथे मात्र कायदा आपल्या बाजूने आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६च्या कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यावर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवताच येत नाही. काही ठरलेलंच नसेल तर पंधरा दिवस. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि तक्रारीसाठी सुविधा परिषद. त्यासाठी गटाची ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती २०२० पासून ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि अर्जात बचत गटाचा पर्यायही आहे. नोंदणी माल देण्याआधी केलेली असावी, मागाहून धावाधाव करून फारसा उपयोग नाही. या गटाची नोंदणी नव्हती. नोंदणीसाठी पैसे मागणारे एजंट गावोगाव फिरतात, त्यांना दारात उभं करू नका.

पुढच्या दिवाळीला त्याच दुकानाची ऑर्डर परत आली. नोंदणी झाली होती. गटाच्या अध्यक्ष काकू पी.ओ. घेऊन माझ्याकडे आल्या, चष्मा लावून एकेक ओळ वाचली. भाडं पाकिटामागे पावणेतीन रुपयांच्या वर जातं, हे त्यांनीच काढलं आणि दर ७३ सांगितला. दुकान कबूल झालं. ६०चे ४५ दिवस झाले. माल दोन हप्त्यांत द्यायचा ठरला, म्हणजे कुठलाही घाणा तीस दिवसांच्या पुढे जाणार नाही. ‘विक्री न झालेला माल परत’ ही अट मात्र दुकानाने काढली नाही, कितीही सांगितलं तरी नाही. मग काकूंनी ठरवलं की त्यांना फक्त शंभर ग्रॅमचीच पाकिटं द्यायची. परत आलीच, तर ती आपल्या आठवडी बाजारात खपतात. दोनशेचं पाकीट तिथे कुणी घेत नाही.